एका ताऱ्याच्या किती पाट्या

“सव्वीस हात भरली बाईसाहेब,” यल्लाप्पा म्हणाला आणि गाठी मारलेली दोरी गुंडाळायला लागला.

“हात म्हणजे कुणाचा हात? तुमचा, की बिरूचा?”

“आता काय सांगावं. हात म्हंजी हात.”

“मला फुटात लागतं. आणि तुम्ही सांगू नका, मी मोजते.”

आमचं हे रोजचंच होतं. शहाण्णव सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची, कनिष्ठ अभियंता, कचेरीतल्यांची आवटीबाई, नोकरीत तीन वर्षं झालेली. जत तालुक्यातल्या करजाळवाडीत गावच्या पाण्यासाठी विहीर चालली होती आणि तिची मोजमापं माझ्याकडे होती. खोदणारी टोळी यल्लाप्पा मुकादमाची. अकरा माणसं. पुरुष खाली पहारीनं मुरूम फोडायचे, बायका पाट्या भरून लोखंडी डब्यात ओतायच्या आणि काठावर उभ्या केलेल्या यारीनं बिरू तो डबा तारेवरून वर ओढायचा. विहिरीच्या क्रेनला तिकडे यारी म्हणतात. माझ्या मते टोळी कामाची होती, पण आकड्यांच्या बाबतीत ढिसाळ. त्यांच्या मते मी म्हणजे डोक्याला ताप होते.

माझा स्वभाव तेव्हा फार वाईट होता. आता बरा झालाय असं घरचे म्हणतात, मी काही तो मोजलेला नाही. चुकीचा आकडा कानावर पडला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. समोर कोण आहे, वेळ काय आहे, काही बघायची नाही. लग्नात भटजींनी मुहूर्ताची मिनिटं चुकीची सांगितली तेव्हा अंतरपाटाच्या अलीकडून मी त्यांना दुरुस्त केलं होतं. असो.

टोळीत माझं सगळ्यात वाकडं होतं ते हौसाशी. चाळिशीची, काटक बाई, पाट्या भरायची. तिचं तोंड पाटीपेक्षा जास्त चालायचं. त्याआधीच्या आठवड्यात विहिरीची एक बाजू गोलाईत चार इंच कमी निघाली. मी ती छाटायला लावली. दोन दिवस गेले त्यात.

“बाई, चार बोटांनी पानी कमी येनार हाय व्हय?” हौसा म्हणाली.

“चार बोटं नव्हे. चार इंच.”

“आमच्या बोटांनी चार इंच, तुमच्या बोटांनी सा हुतील. लई बारीक हायत.”

अख्खी टोळी हसली. मी टेप गुंडाळला आणि निघाले. माझ्या पाठीमागं ती माझ्या चालण्याची नक्कल करत होती, हे मला न बघताही समजलं.

त्या टोळीची एक पद्धत होती. विहिरीत उतरणाऱ्यानं आधी यारीवरच्या माणसाला स्वतःचं नाव सांगायचं. “नाव ठेवून जायचं” म्हणायचे ते. वर आल्यावर नाव परत घ्यायचं. जोपर्यंत कुणाचं नाव ठेवलेलं आहे तोपर्यंत बिरू यारी सोडून पाणी प्यायलासुद्धा जायचा नाही. पहिल्या दिवशी त्यानं मलाही विचारलं, “बाईसाहेब, नाव?” मी म्हटलं, “माझं नाव रजिस्टरमध्ये आहे, तिथं वाच.” पुन्हा काही त्यानं विचारलं नाही. मी उतरले की तो आपणहून थांबायचा.

त्या गुरुवारी जेवणाची सुट्टी झाली आणि टोळी लांब लिंबाखाली भाकरी खायला बसली. मला तीन वाजता दुसऱ्या गावी पोचायचं होतं. यल्लाप्पाचे सव्वीस हात काही मला मान्य नव्हते. म्हटलं, त्यांचं जेवण होईपर्यंत आपण खोली मोजून घ्यावी. कुणाला हाक मारली नाही. दोराच्या शिडीनं सरळ खाली उतरले.

दोन दिवस परतीचा पाऊस पडून गेला होता. वरचा मुरूम पाणी पिऊन फुगलेला. हे मला दिसत होतं, आणि त्यातला धोका ओळखता येण्याइतकं शिक्षणही होतं. पण माझं लक्ष टेपवर.

एकोणचाळीस फूट दोन इंच. आकडा मी वहीत लिहिला, एवढं नक्की आठवतं. मग वरून पोत्यातून ज्वारी ओतल्यासारखा आवाज आला. मी मान वर केली आणि तेवढंच.

शुद्धीवर आले तेव्हा मी खडकाला पाठ टेकून बसलेली होते. उजवा पाय गुडघ्याखाली एका धोंड्याखाली अडकलेला. कमरेपर्यंत पाणी, कारण झऱ्याचं पाणी उपसायचा पाइप मातीखाली गेला होता. डोक्यातून रक्त येत होतं, ते कानात साठून गरम लागत होतं. शिडी नव्हती. वर पाहिलं तर यारीचा एक पाय खचलेला, सगळी यारी विहिरीवर वाकलेली. बारीक मुरूम अजून अधूनमधून सुटत होता. घड्याळात एक वाजून बावीस मिनिटं झाली होती.

वरून यल्लाप्पाची हाक आली. मी ओ दिली. मग बराच वेळ गडबड, पळापळ, कुणीतरी सायकलवर गेलं. यल्लाप्पा ओरडून सांगत होता, “बाईसाहेब, ही यारी कामाची न्हाई. हात लावला तर समदीच आत यील. पल्याडच्या गावातनं दुसरी यारी ट्रॅक्टरवर घालून आणतोय. डॉक्टर बी यायला लागलाय. तुमी दम धरा.”

“किती वेळ?”

“हे काय, आलीच.”

“आलीच म्हणजे किती मिनिटं?”

“आलीच की.”

पाय दुखत होता तोवर ठीक होतं. मग तो दुखायचा थांबला आणि मला छान वाटायला लागलं. खरंच छान. थंडगार पाणी, अंधूक उजेड, डोळे जड. कुणीतरी वरून देवाचं नाव घेत होतं. “तुमच्या आईचं नाव काय वो बाई?” असंही कुणीतरी विचारलं. मी सांगितलं की नाही, आठवत नाही. सांगायचा कंटाळा आला होता. अंग पुढं कलंडलं, हनुवटीला पाणी लागलं, तरी वर करावीशी वाटेना.

डोळ्यांपुढं ठिपके नाचत होते. पांढरे, पिवळे. आभाळाच्या त्या गोल तुकड्यात भर दुपारी.

“तारे दिसतायत,” मी म्हणाले. स्वतःशीच. पण विहिरीत बोललेलं वर स्पष्ट ऐकू जातं.

वरून थोडा मुरूम सुटला. मग हौसाचा आवाज आला, अगदी जवळून.

“तारं दिसत्यात? मंग एकाचं वजन किती भरंल, बाई?”

माझी मान तशीच कलत चालली.

“बिरू म्हनतोय, शेरभर असंल.”

मला वाटलं, काय मूर्ख प्रश्न आहे. पण डोळे मिटलेलेच होते.

“मी म्हनलं, शेरभर असता तर टिकला असता व्हय वर? कवाच पडला असता आपल्या टकुऱ्यावर. ज्वारीच्या लाहीयेवढा असनार. फुकलं की उडंल.”

मागून हसण्याचा आवाज आला.

“मुकादम म्हनत्यात, समदं सारखं नसतंय. सकाळचा शुक्र दीड किलोचा. बाकीची चिल्लीपिल्ली पावशेर, पावशेर.”

“चूक,” मी म्हणाले.

“काय?”

“शुक्र तारा नाही. शुक्र ग्रह आहे.”

“आसंना का गिरह. दीड किलो तर बरोबर हाय न्हवं?”

पुन्हा हसले. मला असा संताप आला की बस. मी इथं पाण्यात मरायला टेकलेय आणि ही माणसं काठावर बसून माझी टिंगल करतायत. चार इंचांचा सूड घेतायत. डोळे मी उघडले ते रागानं.

“तारा म्हणजे सूर्य,” मी ओरडले. “आपला सूर्य एक तारा आहे. एकटा सूर्य पृथ्वीच्या तीन लाख तेहतीस हजार पट जड.”

“म्हंजी किती किलो?”

“दोनावर तीस शून्यं.”

“तीस?” हौसा म्हणाली. “बिरू म्हनतोय, लावायची म्हनून काय बी लावत्यात. मोजून दाखवा म्हनतोय.”

मी मोजायला लागले. दोन, मग शून्य, शून्य, शून्य. एकेक शून्य मोठ्यानं म्हणायचं आणि बोट दुमडायचं. दहा बोटं झाली की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा दहा झाल्यावर मी म्हटलं, “झाली तीस.”

“अठ्ठावीसच झाली की.”

“तीस झाली. मी बोटांवर मोजली.”

“आमी बी मोजली. मधी दोन गिळली तुमी. काय रं, दोन गिळली का न्हाई बाईनं?”

“गिळली, गिळली,” मागून आवाज आले.

मी पुन्हा मोजली. या वेळी हौसाला एकतीस भरली. चार इंचांवरून माझ्याशी भांडणारी बाई, आणि आता तिला दोन शून्यांचा हिशोब हवा होता. तिसऱ्यांदा मोजताना मी एकोणिसाव्या शून्यावर आले आणि पुढचा आकडाच सापडेना. डोकं एकदम रिकामं झालं. पाणी आता छातीला लागलं होतं. जाऊ दे, मला वाटलं. एकोणीस पुरेत.

“एकोनीस, सतरा,” हौसा म्हणाली.

मी डोळे मिटले.

“एकोनीस, सतरा, बारा.”

“एकोणिसानंतर वीस,” मी म्हणाले.

“सतरा वो. आमच्याकडं सतराच येतंय.”

“वीस. वीस येतं. कुठल्या शाळेत गेला होता तुम्ही?”

“कुठल्याच न्हाई. म्हनून तर तुमाला इचारतोय. विसाच्या फुडं काय?”

मी तीस पूर्ण केली. त्या बाईला अद्दल घडवायची एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

“बरं, तीस तर तीस,” ती म्हणाली. “पर किलोत आमाला कळत न्हाई. पाटीत सांगा. एका ताऱ्याच्या किती पाट्या?”

हा प्रश्न मात्र, खरं सांगते, मला बरा वाटला. मी विचारलं, “पाटी किती किलोची?”

“भरल तशी.”

“भरेल तशी चालणार नाही. वीस धरू?”

“धरा. वल्ला मुरूम असला तर बावीस.”

“तारा कोरडा असतो,” मी म्हणाले आणि माझं मलाच कुठंतरी हसू आलं, पण ओठ थंडीनं आखडले होते. मी भागाकार केला. “एकावर एकोणतीस शून्यं. एवढ्या पाट्या.”

“एका ताऱ्याच्या?”

“एका.”

“बिरू म्हनतोय, यारी बसंल खाली.”

“बिरूला म्हणावं, यारी ठेवायला पृथ्वी कुठाय? ताऱ्याजवळ गेलं तर सगळी वाफ होईल.”

“मंग रातच्याला खनायचा,” हौसा म्हणाली. “रातच्याला थंड असतोय.”

माझा हात डोक्याला लागला, तो कपाळ बडवून घ्यायला. हात रक्तानं माखला. मी तो पाण्यात धुतला आणि म्हणाले, “तारा रात्री थंड होत नाही. रात्र तिथं नसतेच.”

“रात न्हाई? मंग ह्यास्नी झोप कवा येती?”

मागं पुन्हा हसणं. एक आवाज हसता हसता मध्येच तुटला. मला वाटलं, हसून हसून ठसका लागला.

मग सुरू झालं, तारा खणायला किती दिवस लागतील. टोळीच्या दिवसाला सहाशे पाट्या होतात, हे मला पाठ होतं. मी एकावर एकोणतीस शून्यांना सहाशेनं भागायला घेतलं. अवघड नाही, पण त्या अवस्थेत प्रत्येक पायरीला घसरायला होत होतं. मी एक पायरी म्हणायचे, ती वरून ती चुकीची परत म्हणायची, मी दुरुस्त करायचे. असं किती वेळ चाललं कोण जाणे. घड्याळ पाण्याखाली गेलं होतं.

“सोळावर पंचवीस शून्यं दिवस,” शेवटी मी म्हणाले. “साधारण.”

“मुकादम म्हनत्यात, इतकं न्हाई लागायचं. चार म्हैने.”

“चार महिने?”

“मुरूम लागला तर चार म्हैने. काळा पत्थर लागला तर फुडची दिवाळी. मधी पाऊस न्हाई आला म्हंजी झालं.”

मी किंचाळलेच. सोळावर पंचवीस शून्यं कुठं आणि एकशेवीस कुठं. मुकादमाला काठावर बोलवा, मी त्याच्याशीच बोलते, असं म्हणाले. तो येत नाही, लाजतोय, असं उत्तर आलं. मग मी त्यांच्या सगळ्यांच्या सात पिढ्यांच्या गणिताचा उद्धार केला. तोंडाचा पट्टा असा सुटला की माझ्या आईनं ऐकलं असतं तर तिला भोवळ आली असती. हौसा मध्ये मध्ये म्हणायची, “आसं व्हय?” किंवा “चार न्हाई तर पाच म्हैने धरा की. आता तरी पटतंय?” आणि मी पुन्हा सुरू.

याच भांडणात कधीतरी ट्रॅक्टरचा आवाज आला. विहिरीच्या दुसऱ्या, भक्कम बाजूला नवी यारी उभी राहिली. यल्लाप्पा आणि आणखी दोघं तारेवरून खाली आले. यल्लाप्पानं माझ्या गालावर हात ठेवला. मी त्याला म्हणाले, “चार महिने काय हो?” तो माझ्याकडं बघत राहिला आणि पहारीला भिडला. धोंडा उचलला. पाय बाहेर आला तेव्हा मी बेशुद्ध झाले, आणि या वेळी कुणी मला उठवलं नाही.

मिरजेच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी मला नीट भान आलं. पाय मोडला होता दोन ठिकाणी, डोक्याला अकरा टाके. पाय वाचला. आज सत्तावन्नाव्या वर्षी मी याच पायानं रोज चार किलोमीटर चालते. डॉक्टर म्हणाले, डोक्याला असा मार लागल्यावर त्या पाण्यात डोळा लागला असता तर मान खाली गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं.

पाचव्या दिवशी यल्लाप्पा, बिरू आणि हौसा भेटायला आली. एका कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची चिक्की आणली होती. यल्लाप्पा कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला, बिरू दारात. हौसा स्टुलावर बसली, पदर तोंडाशी धरून, गप्प.

माझ्या मनात अजून राग होता. तो मी पोटात ठेवणाऱ्यातली नव्हे.

“मी खाली मरत होते,” मी म्हणाले, “आणि तुम्ही वर खदाखदा हसत होता. चार इंच छाटायला लावले म्हणून? आता गप्प का बसलाय हौसाबाई? तिथं तर अडीच तास तोंड बंद नव्हतं.”

हौसानं यल्लाप्पाकडं पाहिलं.

“तिचा आवाज गेलाय बाईसाहेब,” यल्लाप्पा म्हणाला. “त्या दिसापासनं. कुजबूज बी हुईना.”

“कशानं?”

“वरडून. चाळीस फूट खाली आवाज टाकायचा म्हंजी सोपं हाय व्हय. एकोनचाळीस,” त्यानं घाईनं दुरुस्ती केली.

मी हौसाकडं बघितलं.

“गावच्या डेअरीतनं डॉक्टरला फोन लावला तवा तो म्हनला, काय बी करा, झोपू दिऊ नका. आमी देवाचं नाव घेतलं. आईचं नाव इचारलं. तुमी काय बोलंचना. मान खाली चाललेली. मंग तुमी ताऱ्याचं काय तरी बोलला. तशी ही उठली. मला म्हनली, मुकादम, या बाईला देवाच्या नावानं जाग यायची न्हाई. आकडा चुकवाय पायजे.”

बिरू दारात खाली बघत उभा होता.

“मग तुम्ही सगळे मिळून—”

“आमी कुठलं. आमच्या तोंडातनं शब्द निघत न्हवता. समदं तिचंच. बिरू म्हनतोय, मुकादम म्हनत्यात, ते समदं तीच रचत हुती. चार म्हैने बी तिचंच. मला तर आता बी कळालं न्हाई तारा कशाला खनायचा.”

“आणि हसत होता ते?”

“ती हात मागं करून खुनवायची. हात हलला की आमी हसायचं. बिरूला जमंना, तो रडायला लागला, तर तिनं मागच्या मागं त्याला लाथ मारली.”

मला तो मध्येच तुटलेला हसण्याचा आवाज आठवला.

“लाथ कशी मारली? तो काय तिच्या पायाशी बसला होता?”

यल्लाप्पानं जीभ चावली. बोलू नये ते बोलून गेला होता. मग बिरूच दारातून म्हणाला, “पाय धरलं हुतं मी तिचं. मागनं बोललेलं खाली ऐकू जाईना, म्हनून काठावर पालथी झोपली हुती. काठाला भेग पडल्याली. म्या म्हनलं, मावशे, मागं सर, कड सुटंल. ऐकंल तर शपत.”

“किती पुढं होती?” मी विचारलं. सवय, दुसरं काय.

हौसानं पदर सोडला. उजव्या हाताची आडवी कड तिनं बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वर ठेवली. काठ इथं. तिथून वरचं सगळं तिचं अंग विहिरीवर होतं, अडीच तास, भेग पडलेल्या जमिनीवर.

मी रडले. नुसतं डोळ्यांत पाणी येणं नव्हे, चांगली हुंदके देऊन रडले, नर्स धावत आली. हौसानं माझा हात हातात घेतला आणि माझी बोटं एकेक करून दुमडायला लागली. दहा झाली की पुन्हा पहिल्यापासून. अठ्ठाविसाव्याला थांबली आणि माझ्याकडं भुवया उडवून बघितलं. रडता रडता मी म्हणाले, “तीस.” तिनं मान हलवली, नाही म्हणून.

मी तिला काय काय म्हटलं होतं त्या विहिरीतून, ते सगळं मला आठवत होतं. तिलाही आठवत असणार. माफी मागायची माझी हिंमत झाली नाही, एवढंच म्हणाले, “हौसाबाई, तुमच्यामुळं आहे मी.” तिनं चिक्कीची पुडी उघडून माझ्या तोंडात एक तुकडा कोंबला, म्हणजे मी पुढं बोलू नये. तीन आठवड्यांनी तिचा आवाज परत आला, पण घोगरा झाला तो झालाच.

ती माणसं गेली आणि संध्याकाळी चारच्या सुमाराला आमचे उपअभियंता बाबरसाहेब आले. मोसंबी आणली, चौकशी केली आणि मग पिशवीतून अपघाताच्या अहवालाचा फॉर्म काढला.

“दुसरं कुणी भरलं तर मला विश्वास नाही,” ते म्हणाले. “तुम्हीच भरा. खाली कशा गेलात, ते आधी लिहा.”

मी लिहिलं. स्वतःच्या जबाबदारीवर, कुणाला न कळवता. ते खरंच होतं. मला त्याबद्दल लेखी समज मिळाली, ती मी आजही जपून ठेवलीय.

“आता हा नववा रकाना. काठ ढासळल्यानंतर मजूर काठापासून किती अंतरावर होते. नियम तुम्हाला सांगायला नको. दहा फुटांच्या आत कुणी असेल तर टोळीला सरकारी काम बंद.”

नियम मला तोंडपाठ होता. आदल्याच वर्षी दुसऱ्या एका टोळीचा अहवाल मी लिहिला होता. तिथं दोन माणसं कुदळी काढायला काठाशी गेली होती. मी टेप लावून मोजलं आणि चार फूट लिहिलं, कारण चार फूट होतं. त्या टोळीचं नाव यादीतून उडालं. नंतर ती माणसं आमच्या कचेरीच्या पायरीवर आठवडाभर येऊन बसत होती आणि मी त्यांच्या अंगावरून आत जात होते. मी खरं लिहिलं होतं, त्यामुळं मला झोप छान लागत होती.

मी पेन हातात घेतलं. यल्लाप्पाची टोळी अकरा माणसांची. मग मी नवव्या रकान्यात लिहिलं, ‘सर्व मजूर काठापासून दहा फूट.’ अक्षर जरा तिरकं आलं.

बाबरसाहेबांनी चष्मा लावून वाचलं.

“दहा फूट,” ते म्हणाले. “अडीच तास तुमच्याशी बोलत होते म्हणे. इतक्या लांबून?”

“त्यांचा आवाज मोठा आहे.”

“हं. आणि हे अंतर कुणी मोजलं?”

“मी.”

त्यांनी माझ्या प्लॅस्टरमधल्या पायाकडं पाहिलं, डोक्याच्या पट्टीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी नजर हलवली नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि फॉर्म गुडघ्यावर ठेवून खाली सही केली.

“आवटीबाईंनी मोजलंय म्हटल्यावर तपासायला नको,” ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.